गाणे बदलले की आवाज का बदलतो?

पहाटेचे साडेपाच वाजले होते. घरातले बाकीचे झोपलेले, गॅसवर चहाचे आधण, आणि ओट्यावर पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. त्यावर एक जुने नाट्यपद लागले होते. आधणाच्या खळखळाटात ते नीट ऐकू येईना, म्हणून मी आवाज जवळजवळ शेवटच्या रेघेपर्यंत नेला. पद संपले आणि यादीतले पुढचे गाणे सुरू झाले. ते अलीकडच्या एका चित्रपटातले होते आणि त्याची सुरुवातच ढोल-ताशांनी होत होती. ओल्या बोटांनी पडद्यावरचा आवाज खाली ओढण्याची माझी धडपड संपेपर्यंत आतल्या खोलीतून ‘काय चाललंय?’ असा प्रश्न येऊनही गेला होता.

हा अनुभव ज्याला आला नाही असा मोबाइलवर गाणी ऐकणारा माणूस सापडणे कठीण आहे. त्यावर आपण काढतो ते निष्कर्षही ठरलेले असतात: अ‍ॅप भिकार आहे, फोनचा स्पीकर गेला आहे, नाहीतर इअरफोन स्वस्तातले आहेत. बहुतेक वेळा या तिघांचाही दोष नसतो. गाण्यांचा आवाज सारखा करण्याची सोय बऱ्याच सेवांमध्ये आधीपासून असते आणि पुष्कळदा ती चालूही असते. ती असूनही फरक का राहतो, हे समजून घेण्यासाठी ‘आवाज मोठा आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय मोजत असतो, तिथून सुरुवात करावी लागेल.

पुलाखालची उसाची ट्रॉली

ध्वनीची पातळी डेसिबल या एककात सांगतात. डेसिबल हे लांबी किंवा वजनासारखे सरळ माप नसून ते एका पातळीची दुसरीशी तुलना सांगते. आपल्या कामापुरत्या दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पातळी ६ डेसिबलने वाढली की ध्वनिलहरीची उंची सुमारे दुप्पट होते. पण आवाज दुप्पट झाला असे सर्वसाधारण कानाला वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते.

डिजिटल ध्वनिमुद्रणात या उंचीला एक पक्की कमाल मर्यादा असते आणि तिला शून्य म्हणतात. बाकी सगळे आकडे त्या शून्यापासून खाली, म्हणजे उणे चिन्हाने मोजले जातात. हा हिशेब पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो, म्हणून रेल्वेच्या ठेंगण्या पुलाखालून जाणारी उसाची ट्रॉली डोळ्यांसमोर आणावी. पुलाचा तळ म्हणजे शून्य. ट्रॉलीतला ऊस त्या तळापासून किती खाली आहे, एवढेच आपण मोजतो. उणे ८ म्हणजे ढीग पुलाच्या बराच जवळ पोचलेला, आणि उणे २० म्हणजे मध्ये भरपूर मोकळी जागा. उसाने पुलाच्या वर जाण्याचा प्रश्नच येत नाही. गेला तर वरची कांडी छाटली जाणार, आणि ध्वनीच्या बाबतीत तो छाटलेला भाग कर्कश खरखर होऊन कानावर येणार.

या ट्रॉलीची उंची मात्र दोन प्रकारे सांगता येते. एक, ढिगाच्या मुख्य भागाची सर्वसाधारण उंची. दुसरी, ढिगातून वर डोकावणाऱ्या सर्वांत उंच कांड्याची उंची. त्या उंच कांड्याला ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात ‘पीक’ म्हणतात. तबल्यावर पडलेली खणखणीत थाप हे अशा कांड्याचे उत्तम उदाहरण आहे: क्षणभर फार वर जाते आणि लगेच खाली येते. हार्मोनियमचा धरून ठेवलेला सूर तितका वर जात नाही, पण जिथे असतो तिथे टिकून राहतो. आपला कान आवाजाचा अंदाज मुख्यतः ढिगावरून घेतो, एकट्यादुकट्या कांड्यावरून नाही. त्यामुळे दोन गाण्यांची पीक अगदी सारखी असूनही एक लहान आणि दुसरे मोठे वाटू शकते. पूर्वीच्या अनेक संगणकी प्रणालींमध्ये गाणी ‘सारखी’ करताना फक्त पीक सारखी केली जात असे. ती गाणी ऐकताना सारखी का वाटत नसत, याचे उत्तर इथेच आहे.

कानाचा पक्षपात आणि त्यावरून बनलेले माप

कानाची आणखी एक खोड आहे. सर्व पट्ट्यांतले सूर त्याला सारखे ऐकू येत नाहीत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. त्यांच्या आलेखांवरून असे दिसते की फार खालचे, घुमणारे ध्वनी ऐकू येण्यासाठी पुष्कळ जास्त ताकद लागते, तर साधारण ३ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास कान सर्वांत तीक्ष्ण असतो. लहान मुलाचे रडणे किंवा कुकरची शिट्टी भिंतीपलीकडूनही आपल्याला अस्वस्थ करते, त्यामागे हेही एक कारण आहे.

कानाच्या या स्वभावाची दखल घेणारे माप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली प्रसिद्ध केले. त्याचे एकक एलयूएफएस. ध्वनिमुद्रक बोलताना त्याला ‘लफ्स’ म्हणतात, आणि मीही पुढे तेच म्हणेन. एका लफ्सचा फरक म्हणजे एका डेसिबलचाच फरक, पण मोजणी कानाच्या कलाने केलेली. गाण्याचे छोटे-छोटे तुकडे पाडतात, खालच्या घुमाऱ्याला थोडे कमी आणि वरच्या पट्टीला थोडे जास्त वजन देतात, आणि साऱ्याची सरासरी काढतात. ही सरासरी काढताना शांतता आणि फार हळू भाग हिशेबातून वगळले जातात, नाहीतर मध्ये दहा सेकंद थांबणारे गाणे उगाचच लहान ठरले असते. हा वगळण्याचा नियम योग्य आहे, पण भारतीय संगीताला तो नडतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

गाणी मुळातच वेगळी का असतात?

ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या ध्वनीच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरत असे. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आले. त्या जुन्या तबकड्यांत हळू सूर आणि सुईची खरखर यांच्यात फारसे अंतरच नसते. आज त्या डिजिटल करणाऱ्याने खरखर वाढू नये म्हणून हात राखून काम केले असेल, तर ते मुद्रण आधुनिक गाण्यापेक्षा लहानच राहते.

दुसरे टोक म्हणजे अलीकडची गाणी. गाणे तयार झाल्यावर बाजारात जाण्याआधी त्यावर शेवटचा हात फिरवतात, त्याला मास्टरिंग म्हणतात. १९८२ साली सीडी आली आणि वर सांगितलेली शून्याची पक्की मर्यादा घराघरांत पोचली. मग प्रत्येकाला आपली ट्रॉली पुलाच्या जास्तीत जास्त जवळ न्यायची होती, कारण रेडिओवर किंवा पार्टीत लागोपाठ दोन गाणी वाजली की जे किंचित मोठे ते पहिल्या क्षणी जास्त चांगले वाटते. कानाची ही फसगत सर्वांनाच ठाऊक होती. पण ढीग वर न्यायचा तर डोकावणारी कांडी आड येतात. म्हणून ती छाटायची, आणि मग सगळा ढीग उचलायचा. हे छाटण्याचे यंत्र म्हणजे लिमिटर, आणि त्याचाच थोडा सौम्य भाऊ म्हणजे कॉम्प्रेसर. १९९४ साली वेव्ह्ज या कंपनीचा एल-१ हा संगणकी लिमिटर आल्यावर कोयता सगळ्यांच्याच हाती आला म्हणायला हरकत नाही.

या चढाओढीला ‘लाउडनेस वॉर’ असे नाव पडले. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण मेटॅलिका या अमेरिकी बँडच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमचे आहे. तो इतका दाबला गेला होता की चाहत्यांनीच तो पुन्हा मिश्रण करून द्यावा म्हणून ऑनलाइन अर्ज केला. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात होती आणि अनेकांना ती अल्बमपेक्षा बरी वाटली. पैसे मोजून घेतलेल्या सीडीपेक्षा गेममधले गाणे सरस निघावे, ही त्या धंद्याला लागलेली चांगलीच चपराक होती.

आपल्याकडेही एकच जुने हिंदी गाणे मूळ रूपात, ‘झंकार बीट्स’ लावून, आणि नव्याने साफ करून, अशा तीन-तीन रूपांत सापडते. यादीत त्यांतले कोणते रूप आले आहे ते नावावरून अनेकदा कळतही नाही. प्रत्येकाची पातळी वेगळी, कारण प्रत्येकाच्या मास्टरिंगमागे वेगळा माणूस, वेगळे वर्ष आणि वेगळी हौस.

पूर्वी हे काम माणूस करत असे

आकाशवाणीवर मास्तर कृष्णरावांच्या जुन्या तबकडीनंतर नवे भावगीत लागले तरी आपण दचकत नसू. स्टुडिओत कोणीतरी सुईच्या मीटरवर डोळा आणि आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलेले असे, आणि त्याशिवाय प्रसारणाच्या वाटेवरची यंत्रेही सगळ्याला एका पट्ट्यात ठेवत. मोबाइलवरच्या यादीला असा रखवालदार नाही. तिथे त्याची जागा एका आकड्याने घेतली आहे.

स्ट्रीमिंग सेवेकडे गाणे आले की ती त्याची लफ्समधली सरासरी मोजून नोंदवून ठेवते. आपण गाणे लावतो तेव्हा ती सरासरी आणि सेवेने ठरवलेली पातळी यांतला फरक काढून तेवढाच आवाज कमी किंवा जास्त केला जातो. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. स्पॉटिफायची ठरलेली पातळी उणे १४ लफ्स आहे. सेटिंगमध्ये ‘लाऊड’ निवडले तर ती उणे ११ होते आणि ‘क्वाएट’ निवडले तर उणे १९. अ‍ॅपल म्युझिकमध्ये याच सोयीला ‘साउंड चेक’ म्हणतात आणि तिथली पातळी उणे १६च्या आसपास आहे. यूट्यूब साधारण उणे १४ धरते, पण ते फक्त मोठ्या गाण्यांना खाली आणते. लहान गाण्यांना वर उचलत नाही.

शेवटची गोष्ट स्वतः तपासून पाहता येते. संगणकावर यूट्यूबचा एखादा व्हिडिओ लावून त्यावर उजवी कळ दाबावी आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडावे. जी आकड्यांची काळी चौकट उघडते, तिच्यात ‘व्हॉल्यूम’च्या ओळीत ‘कंटेंट लाउडनेस’ असा आकडा असतो. तिथे ५ डेसिबल दिसले तर ते गाणे ठरलेल्या पातळीपेक्षा तितके मोठे होते आणि तितके खाली आणले गेले आहे. उणे ७ दिसले तर ते तितके लहान आहे आणि तसेच सोडून दिले आहे. जुनी नाट्यपदे आणि नवी चित्रपटगीते आलटून-पालटून लावून हा आकडा पाहिला, तर या लेखातला अर्धा भाग वाचायची गरज उरत नाही.

मग तरीही फरक का उरतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्याची कारणे एकाहून जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण ते डोकावणारे कांडे. समजा एक नवे चित्रपटगीत उणे ८ लफ्सचे आहे. उणे १४ला आणण्यासाठी ते ६ डेसिबलने खाली न्यावे लागेल. त्यात काहीच अडचण नाही, ट्रॉली खाली न्यायला पूल आड येत नाही. आता एक जुने मुद्रण घेऊ. त्याची सरासरी उणे २० आहे, पण तबल्याच्या एका थापेचे पीक उणे ३वर पोचलेले आहे. त्याला उणे १४ला न्यायचे तर ६ डेसिबलने उचलावे लागेल, आणि तसे केले तर ती थाप पुलावर आदळेल. म्हणून स्पॉटिफाय सर्वसाधारण सेटिंगमध्ये पुलाखाली १ डेसिबलची जागा राखून तिथेच थांबते. हे मुद्रण फक्त २ डेसिबलने वर जाते आणि उणे १८वर राहते. दोन गाण्यांत आधी १२ डेसिबलचा फरक होता, तो आता ४चा झाला. १२ डेसिबलचा फरक दचकवतो. ४ डेसिबलचा जाणवतो, पण त्यासाठी धावत जावे लागत नाही. यूट्यूबवर हेच मुद्रण उणे २०लाच राहिले असते आणि फरक ६चा उरला असता.

दुसरे कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. यंत्र पूर्ण गाण्याची तुलना पूर्ण गाण्याशी करते. कान तसे करत नाही. कान एका गाण्याच्या शेवटच्या दहा सेकंदांची तुलना पुढच्याच्या पहिल्या दहा सेकंदांशी करतो. तो फक्त सांधा ऐकतो. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या दोन गाड्यांचा सरासरी वेग अगदी सारखा असला तरी एक घाटात रांगत असताना दुसरी सपाटीवर सुसाट असू शकते. त्या क्षणी एकीतून दुसरीत उडी मारणाऱ्याला ‘सरासरी सारखीच आहे’ हे सांगून काय उपयोग? अर्ध्या तासाचा ख्याल घ्या. तंबोऱ्याच्या जोडीवर मंद्र सप्तकातली आलापी, मग विलंबित, मग द्रुत, आणि शेवटी तबलजी आणि गायक दोघेही तापलेले. वर सांगितलेल्या नियमानुसार सरासरी काढताना फार हळू भाग वगळले जातात. म्हणजे सुरुवातीच्या आलापीचे मत मोजणीत जवळजवळ धरलेच जात नाही आणि नोंदवलेला आकडा मुख्यतः विलंबिताच्या उत्तरार्धाचा आणि द्रुताचा असतो. त्या आकड्यावरून सेवा आवाज ठरवते आणि आलापी सरासरीच्या कितीतरी खाली राहते. आपण ती ऐकू यावी म्हणून आवाज वाढवतो. मग द्रुत येते, पुढचे गाणे येते, आणि आपण ओल्या हातांनी मोबाइलकडे धावतो. यात यंत्राने हिशेब चुकवलेला नसतो. जो प्रश्न आपल्याला पडला आहे, तो त्याला विचारलेलाच नसतो.

तिसरे कारण आपल्या हातातले उपकरण. मोबाइलचा इवलासा स्पीकर खालचे घुमारे फारसे काढूच शकत नाही. ज्या गाण्याची बरीच ताकद खालच्या बेसमध्ये आहे ते मोजणीत उणे १४ असले, तरी मोबाइलवर त्यातला मोठा हिस्सा हवेत पोचतच नाही आणि ते लहान वाटते. तेच गाणे गाडीतल्या स्पीकरवर शेजारच्या रिक्षावाल्याला वळून बघायला लावते. सनई, ताशा आणि तार सप्तकातला गळा यांना मोबाइलचा स्पीकर मात्र मनापासून साथ देतो. ब्लूटूथ जोडल्यावर काही वेळा फोनचा आवाज आणि स्पीकरचा आवाज अशा दोन वेगळ्या चाव्या होतात, तो गोंधळ निराळाच.

शिवाय ही सोय सगळीकडे लागू असतेच असे नाही. त्याच सेवेचे गाणे ब्राउझरमध्ये किंवा टीव्हीवर लावले तर नॉर्मलायझेशन नसण्याची शक्यता असते. फोनवर मुकाट बसणारी यादी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर अचानक का बिथरते, याचा उलगडा अनेकदा एवढ्याने होतो.

‘पण अ‍ॅप माझे गाणे बिघडवत तर नाही ना?’

ही शंका चोखंदळ श्रोत्यांकडून हमखास येते आणि ती रास्त आहे. साध्या नॉर्मलायझेशनमध्ये गाण्याच्या आत काहीही बदलत नाही. पंख्याचा रेग्युलेटर दोनवर ठेवला म्हणून पाती वाकडी होत नाहीत, तसेच हे आहे. आलापी आणि द्रुत यांच्यातले अंतर जसेच्या तसे राहते, फक्त संपूर्ण गाणे एकत्र वर किंवा खाली सरकते. सोय बंद केली की मूळ पातळी परत येते.

स्पॉटिफायचे ‘लाऊड’ हे सेटिंग मात्र याला अपवाद आहे. तिथे लहान गाण्याला वर नेताना पीक आड आले तर थांबण्याऐवजी लिमिटर चालवतात, म्हणजे कोयता काढतात. यूट्यूबवर ‘स्टेबल व्हॉल्यूम’ नावाचा एक वेगळा पर्याय असतो. तो एकाच व्हिडिओच्या आतले चढउतार कमी करतो. कोणाची मुलाखत ऐकताना, त्यातही एक जण माइकला खेटून आणि दुसरा दोन हात लांब बसलेला असेल, तर हा पर्याय वरदान आहे. ख्याल किंवा धृपद ऐकताना तो बंद ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मग सगळेच दाबून एकसारखे का करत नाहीत?’

कारण चढउतार हाच अनेक संगीतप्रकारांचा जीव आहे. अभंगात ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर हळू सुरू होऊन वाढत जातो, तेव्हा त्या वाढण्यातच सगळे असते. तो पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर आणला, तर टाळकरी तेच आणि टाळही तेच, पण गजर काही चढणार नाही. सांध्यावरचा त्रास टाळण्यासाठी गाण्याचे पोट सपाट करणे म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यावर उपाय म्हणून घाटच कापून टाकण्यासारखे आहे.

नॉर्मलायझेशनमुळे एक उलटा परिणामही झाला आहे. उणे ८पर्यंत दाबलेले गाणे सेवा शेवटी उणे १४ला खाली आणणारच असेल, तर दाबण्याचा फायदा संपतो आणि तोटा तेवढा उरतो. त्याची कांडी आधीच छाटलेली असतात. खाली आणल्यावर ते शेजारच्या मोकळ्या गाण्यापेक्षा चपटे आणि निर्जीव वाटते. एवढे असूनही अनेक निर्माते अजून दाबतच असतात, कारण सगळीकडे नॉर्मलायझेशन नसते, लग्नाच्या मांडवातल्या डीजेकडे तर नसतेच, आणि मास्टरिंगच्या खोलीत पैसे देणाऱ्याला दोन नमुने ऐकवले की तो अजूनही मोठ्या आवाजाच्या नमुन्याकडेच बोट दाखवतो.

‘पूर्ण अल्बम ऐकताना हळू गाणे मुद्दाम हळू ठेवलेले असते, त्याचे काय?’

याची काळजी स्पॉटिफाय आणि अ‍ॅपल या दोघांनीही घेतली आहे. अल्बम सलग ऐकताना सर्व गाण्यांना मिळून एकच दुरुस्ती लावली जाते, त्यामुळे दोन गाण्यांमधला मूळ फरक टिकतो. तीच गाणी वेगवेगळ्या यादीत मिसळली की प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र होतो. म्हणून एकच गाणे अल्बममध्ये थोडे लहान आणि मित्राने पाठवलेल्या यादीत थोडे मोठे वाटले, तर तो भास समजू नये.

जाहिरातींचे काय?

गाण्यांच्या मधली जाहिरात ओरडते, ही तक्रार टीव्हीच्या काळापासूनची आहे. जाहिरातीत शांत जागाच नसते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या फोन नंबरपर्यंत ढीग सारखा भरलेला असतो, त्यामुळे हळुवार गाण्यानंतर ती अंगावर येते. युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली टीव्ही-रेडिओसाठी उणे २३ लफ्सची पातळी सुचवली. अमेरिकेत त्याच वर्षी जाहिरातींच्या आवाजाबद्दल कायदाच झाला आणि २०१२च्या डिसेंबरपासून तो लागू झाला. आपल्याकडे १९९४च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत जाहिरातीचे दृश्य आणि ध्वनी अवाजवी ‘लाऊड’ नसावेत असे म्हटले आहे. टीव्हीसमोर बसून हे वाक्य आठवले की हसू येते.

घरच्या घरी काय करता येईल?

आधी सेटिंगमध्ये जाऊन नॉर्मलायझेशन किंवा साउंड चेक चालू आहे का, ते पाहावे. पातळी निवडण्याची सोय असेल तर मधली निवडावी. ‘लाऊड’ फक्त गाडीत किंवा गोंगाटात वापरावे, कारण तिथे हळू जागा तशाही ऐकू येत नाहीत. अ‍ॅपचा आवाज कमी वाटतो म्हणून नॉर्मलायझेशन बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याऐवजी फोनच्या बटणाने आवाज वाढवावा, फरक पडतो तो तेवढाच.

यादी स्वतः बनवत असाल, तर सांध्यांकडे लक्ष द्यावे. नाट्यपदाच्या शेजारी ढोल-ताशा ठेवण्याऐवजी मध्ये एखादे भावगीत ठेवले, तर कान पायरी-पायरीने चढतो. एकाच गाण्याची दोन-तीन रूपे मिळत असतील तर ती एकामागून एक ऐकून पाहावीत, आणि जे लहान वाटते तेच वाईट असे लगेच ठरवू नये. आवाजाच्या बटणाने दोन्ही सारखी करून मग निवाडा करावा. मी असे केले तेव्हा चारपैकी तीन गाण्यांत माझी पहिली निवड बदलली. लांब ख्याल मात्र यादीत घालूच नये, तो एकटाच लावावा. आलापीसाठी आवाज वाढवला असेल तर तो द्रुत येण्याआधी थोडा उतरवावा लागतो, आणि हे काम अजून तरी श्रोत्यालाच करावे लागते.

इअरफोन वापरणाऱ्यांसाठी यात आणखी एक बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज (हे डेसिबल कानावर पडणाऱ्या आवाजाचे, वरचे शून्याखालचे उणे आकडे नव्हेत) आठवड्याला ४० तासांपर्यंत चालू शकतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १०. लहान आवाजाच्या गाण्यासाठी बटण वर नेऊन पुढच्या दहा मोठ्या गाण्यांना ते तसेच ठेवले, तर आपल्याला कळायच्या आत हा हिशेब बराच पुढे सरकलेला असतो. लोकलमध्ये तर गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी बटण आधीच वर असते. कान बंद करणारे, बाहेरचा गोंगाट अडवणारे इअरफोन तिथे उपयोगी पडतात, कारण बाहेरचे कमी झाले की आतले वाढवावे लागत नाही. फक्त ते घालून रूळ ओलांडू नयेत.